बर्फर्डची भिंत आणि थकलेला पगार

ऑक्सफर्डहून ए-४० रस्त्याने पश्चिमेला निघालं की साधारण वीस मैलांवर बर्फर्ड लागतं. गावचा मुख्य रस्ता उतारावरून विंडरश नदीच्या जुन्या दगडी पुलापर्यंत जातो. पुलाच्या थोडं अलीकडे उजव्या हाताच्या गल्लीत वळलं की सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च येतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक लहान पाटी बसवलेली आहे. कॉर्नेट थॉम्पसन, कॉर्पोरल पर्किन्स आणि प्रायव्हेट चर्च या तीन लेव्हलर्सना (सामान्य माणसाच्या हक्कांसाठी भांडणारा त्या काळचा इंग्लंडमधला गट) १७ मे १६४९ रोजी या आवारात देहदंड दिला आणि इथेच पुरलं, एवढाच तिचा मजकूर. बर्फर्डला पर्यटक येतात ते मधाच्या रंगाची दगडी घरं बघायला. त्यातले काही जण पाटी वाचतात आणि पुढे जातात.

या पाटीत खोटं काहीच नाही. पण देहदंड कोणाच्या हुकुमाने दिला, कोणत्या कायद्याने दिला आणि मुळात भांडण कशाचं होतं, या तीन गोष्टी तिच्यात नाहीत. आणि त्या कळल्याशिवाय ही तीन माणसं कशासाठी मेली ते कळत नाही.

त्यातल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं मूळ पगारपत्रकात आहे.

राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध १६४२ साली पेटलं. पार्लमेंटने १६४५ मध्ये न्यू मॉडेल आर्मी नावाची नवी फौज उभी केली. तिच्यात पायदळाच्या शिपायाला रोज ८ पेन्स मिळायचे आणि घोडेस्वाराला २ शिलिंग. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. स्वाराचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातूनच त्याला स्वतःचं जेवण आणि घोड्याची दाणावैरण भागवावी लागे. हा पगार कागदावरचा. १६४७ च्या वसंतात पायदळाची १८ आठवड्यांची आणि घोडदळाची ४३ आठवड्यांची थकबाकी साचली होती. गुणाकार केला तर एका शिपायाचे ४ पौंड ४ शिलिंग होतात आणि एका स्वाराचे ३० पौंडांच्या वर. आणि पार्लमेंट म्हणत होतं की सहा आठवड्यांचा पगार घ्या आणि घरी जा, नाहीतर आयर्लंडच्या मोहिमेवर नाव नोंदवा.

पगार थकला की काय काय बिघडतं हे नीट पाहायला हवं. शिपायाच्या हातात पैसा नसला की तो ज्या घरी मुक्कामाला असतो तिथे फुकट जेवतो. घरमालकाला पावती मिळते, पैसे मिळत नाहीत. मग तो फौजेला शिव्या देतो आणि कर भरायचं टाळतो. कर आला नाही की पगार आणखी थकतो. थकबाकीबद्दल शिपायाला डिबेंचर नावाचा रोखा देत. पण रोखा दाखवून बाजारात पाव मिळत नाही, म्हणून तो रोखा पडत्या भावाने विकला जाई, आणि घेणारा बऱ्याचदा त्याचाच अधिकारी असे. युद्धात घोडे पकडून आणणं, दारूगोळा ताब्यात घेणं असल्या कामांबद्दल पुढे फिर्याद झाली तर आपण फासावर जाऊ, अशीही शिपायांना धास्ती होती. तेव्हा हे भांडण आठ पेन्सांचं होतं, आणि आपण लढलो कशासाठी याचंही होतं. दोन्ही एकमेकांत असे गुंतले होते की वेगळे काढता येणार नाहीत.

जून १६४७ मध्ये न्यूमार्केटजवळ फौजेने एक गंभीर करार मान्य केला. गाऱ्हाणी दूर झाल्याशिवाय फौज मोडायची नाही, आणि कोणत्याही मोठ्या निर्णयासाठी एक सभा असेल, जिच्यात प्रत्येक रेजिमेंटमधून दोन अधिकारी आणि दोन साधे शिपाई निवडून येतील. सतराव्या शतकातल्या फौजेत शिपायाला मताचा हक्क! त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस पुटनीच्या चर्चमध्ये वादविवाद झाले. मतदानाचा हक्क कोणाला असावा, मालमत्ता नसलेल्याला असावा की नाही, यावर कर्नल रेन्सबरो आणि फौजेतला बडा सेनानी क्रॉमवेल याचा जावई आयर्टन यांची जुंपली. इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही थोरामोठ्यांसारखंच स्वतःचं आयुष्य जगायचं असतं, हे रेन्सबरोचं म्हणणं तिथलंच. लेव्हलर्स ही मंडळी त्याच मताची. हे नाव त्यांना विरोधकांनी चिकटवलं होतं. सगळ्यांची मालमत्ता सपाट करून वाटायची आहे असा आरोप त्यात होता, आणि तो त्यांनी वारंवार नाकारला.

आता १६४९. ३० जानेवारीला राजाचं डोकं उडवलं गेलं. दुसरं यादवी युद्ध आदल्या वर्षीच संपलं होतं. एप्रिलमध्ये आयर्लंडला कोणत्या रेजिमेंट जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. शिपायांचं उत्तर तयार होतं: १६४७ च्या करारातली सभा बोलवा, ती ठरवेल. ज्यांना जायचं नाही त्यांना फौज सोडायची मुभा होती, पण थकबाकी बुडवून. ह्यूसनच्या रेजिमेंटमधल्या तीनशे जणांनी जायला नकार दिला. त्यांना थकबाकीशिवाय हाकललं. ही बातमी छावण्यांमध्ये पोचल्यावर पुढचं बंड कोणी पेटवायची गरजच उरली नाही.

मे महिन्यात सॉल्झबरीजवळ स्क्रूपची रेजिमेंट उठली. आयर्टनच्या रेजिमेंटमधले स्वार तिला येऊन मिळाले. तिकडे बॅनबरीत कॅप्टन विल्यम थॉम्पसनने वेगळी तुकडी उभी केली. बर्फर्डच्या पाटीवरचा कॉर्नेट थॉम्पसन त्याचा भाऊ. (कॉर्नेट म्हणजे घोडदळातला सर्वांत कनिष्ठ अधिकारी, तुकडीचं निशाण त्याच्याकडे असे.) सरसेनापती लॉर्ड फेअरफॅक्स आणि त्याचा दुय्यम क्रॉमवेल लंडनहून फौज घेऊन निघाले. बंडखोरांना टेम्स ओलांडून उत्तरेला जायचं होतं. न्यूब्रिजचा पूल कर्नल रेनल्ड्सच्या माणसांनी अडवलेला होता. तिथे लढाई करायची नाही असं ठरवून ते वरच्या अंगाला उतार शोधून नदीपार झाले आणि १३ मेला, रविवारी, बर्फर्डला मुक्कामाला थांबले.

आपल्याच जुन्या साथीदारांवर हत्यार चालवायचं त्यांनी टाळलं, ही त्यांची लष्करी चूक ठरली. माणूस म्हणून पाहिलं तर याच टाळण्यामुळे त्यांच्याबद्दल आदर वाटतो. फेअरफॅक्सने मेजर फ्रान्सिस व्हाइटला बोलणी करायला पाठवलं होतं. बोलणी चालू आहेत तोवर हल्ला होणार नाही, अशी बंडखोरांची समजूत होती. तोवर क्रॉमवेलच्या स्वारांनी त्या दिवशी चाळीस मैलांहून जास्त मजल मारली होती आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते गावात घुसले. घोडे सोडलेले, माणसं घराघरात झोपलेली, पहारा विरळ. थोडी झटापट झाली. बरेच जण अंधारात निसटले, सुमारे ३४० पकडले गेले. एवढी माणसं एका जागी कोंडता येतील अशी गावात एकच इमारत होती, चर्च.

तीन दिवसांहून जास्त काळ ते तिथे कोंडलेले होते. त्यातल्या एकाने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या आतल्या शिशाच्या अस्तरावर आपलं नाव कोरलं: अँथनी सेडली, कैदी, १६४९. शिसं मऊ असतं, चाकूचं टोक किंवा खिळाही पुरतो. अक्षरं आजही वाचता येतात. बर्फर्डला गेलात तर बाहेरच्या पाटीआधी हे कुंड बघा. पाटी खूप नंतरची आहे, हे नाव त्या दिवसांतलं आहे.

१७ मेच्या सकाळी कैद्यांना चर्चच्या छपरावर नेलं, खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून. आधी कॉर्नेट थॉम्पसनला आणलं. जे झालं ते न्याय्यच झालं असं तो म्हणाला, असं समकालीन बातमीपत्रं सांगतात. कॉर्पोरल पर्किन्स भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने गोळ्या घालायला सांगितलं. तिसरा, चर्च नावाचाच शिपाई, अंगरखा काढून भिंतीपासून थोडा पुढे उभा राहिला आणि गोळ्या सुटेपर्यंत समोरच्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या काळच्या फौजेतली तोड्याची बंदूक चालवणं म्हणजे पेटती वात सांभाळत दारू भरायची, गोळी ठासायची, कानात बारीक दारू टाकायची आणि मग वात टेकवायची. पौंडाला बारा या हिशेबाची शिशाची गोळी, म्हणजे एकेक सुमारे ३८ ग्रॅमची. हे सगळं होईपर्यंत मरणारा समोर उभा असतो आणि भरणारे त्याच्याच फौजेतले असतात.

चौथा होता कॉर्नेट हेन्री डेन. त्याने पश्चात्ताप व्यक्त केला आणि त्याला ऐन वेळी माफी मिळाली. नंतर त्याने चर्चमध्ये बाकीच्या कैद्यांपुढे प्रवचन केलं, आपलं बंड कसं पाप होतं ते सांगितलं. लेव्हलर्स त्याला पुढे यहूदा म्हणत, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य.

यात एक पद्धत आहे, आणि ती बर्फर्डपुरती नव्हती. नोव्हेंबर १६४७ मध्ये वेअरजवळ कॉर्कबुश मैदानात तिघांना मृत्युदंड सुनावला, फासे टाकायला लावले आणि जो हरला त्या रिचर्ड अर्नोल्डला गोळी घातली. एप्रिल १६४९ मध्ये लंडनमध्ये पंधरा जणांवर कोर्टमार्शल झालं, सहांना शिक्षा, पाचांना माफी, एकाला गोळ्या. तो रॉबर्ट लॉकियर, तेवीस वर्षांचा. बर्फर्डला ३४० पैकी चार बाहेर काढले, तीन मेले. फौजेला माणसं हवी असतात, म्हणून सगळ्यांना मारणं परवडत नाही. सगळ्यांना सोडलं तर शिस्त राहत नाही. मग मोजकी माणसं निवडायची, बाकीच्यांना बघायला लावायचं, आणि एकाला जगवून त्याच्याच तोंडून शिक्षेचं समर्थन करून घ्यायचं. मारलेल्यांची संख्या जितकी कमी तितकी दया मोठी दिसते. मला बर्फर्डच्या हकिकतीतला सर्वांत थंड भाग हाच वाटतो, गोळीबारापेक्षाही.

आता कायदा. लॉकियरला गोळ्या घातल्या त्या सुमारास लेव्हलर्सचे पुढारी जॉन लिलबर्न आणि रिचर्ड ओव्हर्टन लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. तिथून त्यांनी फेअरफॅक्सला पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा आजही वकिलाने वापरावा इतका नेमका आहे. युद्ध संपलंय, कोर्टकचेऱ्या चालू आहेत. अशा वेळी शिपायालाही लष्करी कायद्याने मारता येत नाही, त्याचा खटला साध्या न्यायालयात ज्यूरीपुढे चालला पाहिजे. नाहीतर तो खून ठरतो. आधार कोणता, तर १६२८ चं पिटिशन ऑफ राइट, ज्यात शांततेच्या काळात लष्करी कायदा लावायला मनाई होती. तो दस्तऐवज पार्लमेंटने राजा चार्ल्सच्या विरोधात मिळवला होता. म्हणजे ज्या तत्त्वासाठी राजाशी झगडले, ते तत्त्व राजा गेल्यावर आपल्याच शिपायांना लागू करायचं की नाही, हा प्रश्न होता.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती पोकळ नव्हती. राजाविना चालणारं सरकार जेमतेम काही महिन्यांचं होतं. स्कॉटलंडने दुसऱ्या चार्ल्सला राजा म्हणून घोषित केलं होतं, आयर्लंडमध्ये राजाच्या बाजूची आघाडी उभी राहिली होती. युद्ध खरंच संपलं होतं का? इतिहासकार पुढच्या दोन वर्षांना तिसरं यादवी युद्ध म्हणतात, तेव्हा क्रॉमवेलची धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मार्चमध्ये सरकारच्या मंडळापुढे लिलबर्नची चौकशी झाली, तेव्हा त्याने बाहेरच्या खोलीतून दाराला कान लावला होता. आत क्रॉमवेल टेबलावर मूठ आपटून म्हणत होता की या माणसांचे तुकडे केल्याशिवाय दुसरा इलाज नाही, नाहीतर ते तुमचे तुकडे करतील. हे लिलबर्ननेच लिहून ठेवलं आहे, तेव्हा शत्रूची साक्ष म्हणूनच ते वाचावं. तरीही मी लिलबर्नच्या बाजूने आहे. युद्ध चालू आहे की संपलंय हे ठरवायचा अधिकार फक्त बंदुकीवाल्याकडे राहिला, तर ते कधीच संपत नाही.

पाटीवर काय असावं, काय नसावं याचा विचार करायचा तर त्याच फौजेच्या दुसऱ्या एका दगडाशी ताडून बघावं. तो इंग्लंडच्या पूर्वेला, कोल्चेस्टरला आहे. ऑगस्ट १६४८ मध्ये अकरा आठवड्यांच्या वेढ्यानंतर हे शहर फेअरफॅक्सला शरण आलं. वेढ्यात लोकांनी घोडे, कुत्री, मांजरं खाल्ली होती. शरणागतीच्या अटींत एक बारकावा होता. साध्या शिपायांना आणि कॅप्टनखालच्या अधिकाऱ्यांना जीवदानाची हमी होती. वरच्यांना नव्हती, ते विजेत्याच्या मर्जीवर. २८ ऑगस्टला संध्याकाळी सर चार्ल्स ल्यूकस आणि सर जॉर्ज लाइल यांना किल्ल्याच्या मागे गोळ्या घातल्या. तिसरा, सर बर्नार्ड गॅस्कॉयन, मूळचा इटालियन निघाला म्हणून वाचला. ल्यूकसवर आणखी एक ठपका होता. तो १६४६ मध्ये स्टो-ऑन-द-वोल्डला पकडला गेला होता आणि पुन्हा शस्त्र न धरण्याच्या वचनावर सुटला होता. हे स्टो बर्फर्डपासून दहाएक मैलांवर. लाइलने गोळ्या घालणाऱ्यांना जवळ यायला सांगितलं. चुकणार नाही, असं त्यातला एक म्हणाला, तेव्हा लाइल उत्तरला की याहून जवळ असतानाही तुमचा नेम चुकलाय.

आज किल्ल्यामागच्या बागेत, त्या जागी, दगडी स्तंभ आहे. पण खरा मजकूर आहे सेंट जाइल्सच्या चर्चमधल्या थडग्याच्या शिळेवर. राजसत्ता परत आल्यावर, १६६१ मध्ये, दोघांचा समारंभपूर्वक दफनविधी झाला. शिळा सांगते की या दोन शूर सेनानींची सर टॉमस फेअरफॅक्सच्या हुकुमाने थंड डोक्याने, रानटीपणे हत्या केली गेली. हुकूम देणाऱ्याचं नाव तिथे दगडात आहे. फेअरफॅक्स तेव्हा हयात होता. पुढे त्याच्या जावयाने ही अक्षरं पुसावीत म्हणून खटपट केली आणि त्यावर ती आणखी खोल कोरली गेली, अशी गोष्ट सांगतात.

ल्यूकसचं घराणं कोल्चेस्टरचं, चर्चमध्ये त्यांचं तळघर, भाऊ लॉर्ड, गादीवर त्यांचा राजा. पर्किन्सला यातलं काही नव्हतं. बर्फर्डच्या नोंदवहीत त्या दिवसासाठी आवारात गोळ्या घातलेले तीन शिपाई पुरल्याची नोंद आहे, नावं नाहीत. चर्चच्या हिशेबात लेव्हलर्सना पकडलं तेव्हा चर्च साफ केल्याबद्दल ३ शिलिंग ४ पेन्स दिल्याची नोंद आहे. पायदळाच्या शिपायाचा पाच दिवसांचा पगार, आणि तो मात्र वेळेवर चुकता झालेला. त्यांची आठवण काढायला लोक जमले ते तीनशे वर्षं उलटल्यावर. ऑक्सफर्डच्या कामगार शिक्षण चळवळीने १९७५ मध्ये लेव्हलर्स दिन सुरू केला. पुढच्या वर्षी मजूर पक्षाचे नेते टोनी बेन तिथे बोलले. तेव्हापासून मे महिन्यात मिरवणूक निघते, भाषणं होतात, गाणी होतात.

कोल्चेस्टरची शिळा हुकूम देणाऱ्याचं नाव सांगते, पण शरणागतीची अट आणि मोडलेलं वचन लपवते. बर्फर्डची पाटी काही लपवत नाही, पण सांगतही नाही. यापेक्षा चांगला मजकूर लिहिता येतो, आणि तो फार लांब नसावा. उभ्याने वाचणारा माणूस पन्नास-साठ शब्दांपलीकडे जात नाही. नाव आणि हुद्दा आधी, मग कारण, मग हुकूम, मग वाद. विशेषणं टाळायची, कारण पहिलं विशेषण लागलं की अर्धे वाचक तिथेच मन बंद करतात. माझा मसुदा असा असता:

“यादवी युद्धानंतर थकलेला पगार आणि १६४७ मध्ये कबूल केलेली शिपायांची सभा मागत फौजेतले काही स्वार उठले. १३ मे १६४९ च्या रात्री सुमारे ३४० जण इथे पकडून चर्चमध्ये कोंडले. सरसेनापती फेअरफॅक्स यांच्या हुकुमाने १७ मे रोजी कॉर्नेट थॉम्पसन, कॉर्पोरल पर्किन्स आणि प्रायव्हेट चर्च यांना या आवारात गोळ्या घातल्या. शांततेच्या काळात अशी शिक्षा बेकायदा आहे, असं लेव्हलर्सचं म्हणणं होतं.”

क्रॉमवेलचं नाव मुद्दाम गाळलं. ते घातलं की वाचकाला बाकी काही दिसत नाही, आणि शिक्षेचा अंतिम अधिकार फेअरफॅक्सचा होता. डेनची माफीही गाळावी लागली, याची रुखरुख वाटते. पण माफी सांगायची तर ती कशासाठी वापरली हेही सांगावं लागेल, आणि त्यासाठी दुसरी पाटी लागेल.

गोळीबारानंतर दोन दिवसांनी, १९ मेला, पार्लमेंटने इंग्लंड प्रजासत्ताक असल्याचा कायदा केला. त्याच सुमारास फेअरफॅक्स आणि क्रॉमवेल ऑक्सफर्डला होते आणि विद्यापीठाने त्यांना कायद्याची मानद पदवी दिली. ऑगस्टमध्ये क्रॉमवेल आयर्लंडला निघाला. थकबाकीचा हिशेब त्यानंतरच्या दशकात मिटला: आयर्लंडमधल्या लोकांकडून काढून घेतलेली जमीन शिपायांना पगाराच्या बदल्यात मिळाली, तीही पुन्हा रोख्यांच्या रूपात. पुष्कळ शिपायांना तिथे शेती करायची नव्हती, घरी जायला हातात रोकड हवी होती. त्यांनी आपले रोखे अधिकाऱ्यांना मिळेल त्या भावाने विकले.